दातार मास्तरांची हजेरी

मंडळी, एक सांगा. देव आपल्याबरोबर आहे असं आपण सगळे म्हणतो, हो ना? मान हलवताय, छान! पण तो आहे की नाही, हे वळून शेवटचं कधी बघितलंत? थांबा, उत्तराची घाई नको. आधी दातार मास्तर ऐका.

मिरजेचे नीळकंठराव दातार. छत्तीस वर्षं शाळेत हजेरी घेतलेला माणूस! निवृत्त झाले आणि निघाले जोडीने युरोपला. पंधरा दिवसांत सात देश — अहो, आपल्याकडे लग्नाच्या पंगतीसुद्धा एवढ्या घाईत उठत नाहीत!

बसमध्ये खिडकी दोघांनाही हवी. म्हणून मास्तर पुढच्या सीटवर, शालिनीबाई बरोबर त्यांच्या मागे. मास्तरांनी न बघता हात मागे करायचा, की बाई त्यावर काहीतरी ठेवायच्या. कधी गोळी, कधी चष्मा, कधी डिंकाचा लाडू. बस सुटताना टूरच्या कल्पनाताई नावं घ्यायच्या. दातार म्हटलं, की मास्तर म्हणायचे, "दोघं आहोत." वळून बघायचं कशाला? तेहतीस वर्षांच्या संसारात बाई कधी कुठे गेल्यात का?

अकराव्या दिवशी स्वित्झर्लंडातलं एक तळं. थांबायचं चाळीस मिनिटं. शालिनीबाई म्हणाल्या, जरा पाण्यात पाय सोडून बसू का? मास्तर म्हणाले, वेळ कुठाय, चर्चचे फोटो राहिलेत अजून. आणि गेले. फोटो झाले, मास्तर बसमध्ये येऊन बसले. नाव घेतलं. "दोघं आहोत." निघाली बस!

अर्ध्या तासाने मास्तरांनी हात मागे केला. हात तसाच राहिला. मग वळले, तर सीटवर नुसती शाल.

आता बघा हं. फोन मास्तरांच्या खिशात, कारण परदेशात दोघांत एक पुरे. पासपोर्ट दोघांचे मास्तरांच्या कमरेला. आणि बाईंना मराठी सोडून येतं ते मोडकंतोडकं हिंदी. मास्तरांच्या तोंडचं पाणीच पळालं. बस मागे फिरली. कल्पनाताईंनी तिथल्या पोलिसांना फोन लावला, आणि मास्तरांना विचारलं, काकू कोणत्या रंगाचं नेसल्यात?

मास्तरांनी खिशातला फोन काढला. घाईघाईने फोटो उघडले. सहाशे फोटो! डोंगर, गाई, घड्याळं, चर्चसमोर मास्तर, धबधब्यासमोर मास्तर. बाई एकातही नाहीत. असतील कशा? एक तर त्या फोटो काढत होत्या, नाहीतर मास्तरांनी त्यांना जरा बाजूला व्हायला सांगितलं होतं.

"मला माहीत नाही," मास्तर म्हणाले, आणि सगळ्या बससमोर रडले.

बाई तळ्यावरच होत्या. पाय पाण्यात, शेजारी कुणीतरी गोरी आजी, आणि दोघींच्या मधे लाडवांचा डबा. मास्तर धापा टाकत आले. त्यांनी आधी काय बघितलं असेल? साडी. जांभळी होती. मग विचारलं, घाबरली नाहीस?

"घाबरले होते," बाई म्हणाल्या. "मग म्हटलं, हात मागे कराल तेव्हा कळेलच."

हसू नका, मंडळी. देवालाही आपण असंच मागच्या सीटवर बसवलंय. अडलं की हात मागे! पण देवाचं राहू द्या, तो फार लांबचा. पुरुष मंडळी, माझ्याकडे बघा. तुमच्या बायका तिकडे देवळाच्या खांबापलीकडे बसल्यात. सांगा बघू, आज कोणत्या रंगाचं नेसल्यात?

वळायचं नाही, काका. आधी सांगायचं.