मेलेल्या राजाला पायतान

आन तुमीच सांगा मला, मेलेल्या मानसाला पायतान मारत्यात व्हय कुठं? मारायचं तर जित्त्याला मारा की! ज्यानं खून केला त्यो समोर उभा हाय, हातात कट्यार हाय, मिशीला पीळ हाय, आन पायतान येतंय ते नेमकं माज्या कपाळावर! म्या राजा! म्या मेल्यालो! कपाळावर टेंगूळ फुगाय लागलंय, मला समदं कळतंय, पर वरडायचं न्हाई, हात लावायचा न्हाई, चोळायचं न्हाई... आन वरडून तरी काय? मेलेल्या मानसाचं कोन ऐकतंय?

न्हाई, असं न्हाई कळायचं. बसा. पयल्यापास्नं सांगतो तुमास्नी.

आमचं गाव शिराळ्याच्या खालच्या अंगाला, वारणेच्या काठी. चैतात भैरोबाची यात्रा, आन यात्रंला नाटक. नाटक एकच बरं का! बाकीची गावं दरसाल नवं काढत्यात, कुनी खुनाचं, कुनी हसायचं. आमी न्हाई. माज्या आज्ज्याच्या येळंपास्नं ह्येच. गावातलं शेंबडं पोरगं बी तोंडपाठ म्हनून दावंल. एक राजा, आन त्येचा सरनोबत, म्हंजी फौजेचा मोठा. लय इमानी! राजासाठी जीव देईल असा. राजा आजारी पडतो, म्हनतो, "बाबा, म्या उठंपातूर माजं सिंहासन राख." झालं! त्येला कुनी भरीस घालत न्हाई, कुनी कान फुकत न्हाई. ह्यो आपला राखतोय, राखतोय, आन राखता राखता एक दिस नुसता हात लावतो. मग राजाला मारतो. मग बसतो. आन एकदा बसल्यावर उठवंना की हो! मग जिवाच्या दोस्ताला मारतो, मग मान वर करंल त्येला मारतो, आन शेवटाला बघतो तर दरबार मोकळा. मुजरा करायला मानूस न्हाई!

आता ह्यो सरनोबत करायचा जोतीराम. आन राजा म्या, गुंडा. म्या पलटनीतनं पेन्शनीत आल्यालो. पलटनीत सावधानमधी उभं ऱ्हायाला शिकिवलं, म्हनून मुडदा बरा करतो असं सिकंदर मास्तरचं म्हननं. सिकंदर मास्तर म्हंजी आमचा शिंपी. सालभर गावाच्या चड्ड्या शिवनार आन यात्रा आली की नाटक बसीवनार. त्येच्यासारखा तालीम घेनारा सांगलीत बी मिळायचा न्हाई. पर मला म्हनायचा कसा, "गुंडाभाऊ, तुमी जित्तं हाय तवर जरा अवघड जातंय बघा. मेल्यावर रंग भरतो."

आन त्या नाटकातलं सिंहासन? सांगू? आमच्या सोसायटीच्या चेअरमनची खुर्ची! सागवानी, डावा हात जरा निखळल्याला. यात्रंच्या आदल्या दिशी हापिसातनं उचलायची, मास्तर तिच्यावर लाल मखमल घालनार, झालं सिंहासन. पर मखमल किती बी घाला, गाव इसरतंय व्हय? समद्यास्नी ठावं, ही चेअरमनची खुर्ची! हितंच तर समदा घोळ झाला.

कारन आमच्याकडं चेअरमन मतपेटीनं ठरत न्हाई. यात्रा झाली की भैरोबाच्या देवळात गाव बसतं, बाया पायरीवर, बाप्ये आत. एकाचं नाव निघतं, त्येच्या डोस्क्यावर गुलाल पडतो, झाला त्यो सालभर चेअरमन. आन मला पायतान बसलं त्या साली नाव ठरल्यालंच हुतं. जोतीराम! बहात्तरच्या दुष्काळात आमच्या माळावरच्या हिरींनी तळ गाठला, वारणा खाली वाहतीया आन वर मानसं खडीच्या कामाला चालल्याती, तवापास्नं त्या गड्यानं एकच ध्यास घेतल्याला, नदीचं पानी माळावर चढवायचं. सांगलीला हेलपाटं घालून घालून त्येच्या पायतानांचं तळ गेलं. पर हापिसात पयलं इचारत्यात, "आपण कोण?" हा म्हननार, जोतीराम. "ते झालं, पण कोण?" चेअरमन असल्याबिगर आत कोन घेतंय! म्हनून त्येला ती खुर्ची पायजे हुती. स्वतासाठी न्हाई हो, माळासाठी. न्हाई म्हनाय त्येच्या बायकूला, चंद्राबाईला, जरा चेअरमनीन व्हायाचं हुतं, पर तेवढं चालतंय.

तर यात्रंच्या आधी नाथाजी आबांनी, म्हंजी आमच्या गावचं वडीलधारं मानूस, बैठकीत शबूद त्येंचाच चालतो, त्येंनी जोतीरामाला बोलीवलं. म्या हुतो तितंच. आबा तपकीर वढत म्हनलं, "जोतिबा, यंदा सरनोबत जरा हळू कर." हा म्हनला, "हळू म्हंजी?" "हळू म्हंजी... लय खरा करू नगंस. यात्रा झाली की बैठक हाय. खुर्ची तीच हाय. लोकं भोळी हायती बाबा." चंद्राबाईनं तर पदर पसरला, "आवं, हळूच करा, माज्या गळ्याची आन हाय तुमास्नी!" जोतीराम हसला आन म्हनला, "व्हय. करतो हळू." मास्तर बी तितंच शिवत बसल्याला, त्येनं तोंडातली सुई बी काढली न्हाई.

आन खरंच सांगतो, पयला अंक त्येनं असा हळू केला, असा हळू केला, की मला राग आला! मला! जोतीरामाच्या आवाजानं वारणंच्या पल्याडची कुत्री भुकायची, त्यो मानूस "विजय असो महाराज" असं म्हनतोय जनू बाजारात वांगी इचारतोय. लोकं खोकाय लागली, बाया पोरास्नी पाजाय लागल्या. म्या सिंहासनावरनं डोळं वटारलं, ह्यो नजरच देईना. म्हनलं जाऊ दे, खुर्ची तर गावंल. माळावर पानी चढंल. म्या मनातनं भैरोबाला नारळ बी बोललो.

मग दुसरा अंक. म्या आजारी. सिंहासनावरच डोळा लागलाय. सरनोबत येतो, जवळ येतो, आन खुर्चीच्या हाताला हात लावतो. म्या पापनीच्या फटीतनं बघतोय. आन गड्यानं एक बोट पुढं केलं. एकच! तापल्या तव्यावर टेकवून बघावं तसं टेकवलं... काढलं... बोटाकडं बघितलं. परत टेकवलं. आवं, खोकनारं खोकायचं थांबलं! मग चार बोटं, मग समदा पंजा, आन त्या निखळल्या हातावरनं त्येनं असा हात फिरीवला, जनू जत्रंत हरवल्यालं लेकरू गावलंय! डोळ्यांत काय हुतं म्हनून सांगू? हाव न्हवती हो. माया हुती माया! तिथंच तर मानूस मरतं! वाईट वाटलं असतं तर त्येनं हात काढला असता की! त्येला ग्वाड वाटत हुतं, आन आपुन वंगाळ करतोय ह्येचा त्येला पत्याच न्हाई. म्या पलटनीत बंदुका बघितल्या, पर त्या पंज्याइतकं भ्या मला कशाचं वाटलं न्हाई.

कट्यार उगारली. वाकला माज्यावर. आन लोकास्नी ऐकू न जाईल असं म्हनला, "गुंडा... हळू जमंना गड्या."

आन घातली की कट्यार!

म्या मेलो. तुमास्नी सांगतो, त्या दिशी म्या आपुआप मेलो, करावं लागलं न्हाई. आन तेवढ्यात बायांतनं अंबूबाई उठली, म्हातारी, दात न्हाईत पर आवाज हाय, "मुडद्याऽऽ! धन्याला मारतूस? त्येचंच मीठ खाऊन?" आन भिरकावलं पायतान. नेम जोतीरामावर, बसलं मला. पर जोतीराम हलतोय व्हय! त्येनं ते पायतान उचललं, माज्या अंगावरची शाल सारखी केली, आन पायतान माज्या पायाशी ठिवलं. जनू राजाचंच हाय, सकाळी उठला की लागंल! आन एक बाई हुंदका देऊन रडाय लागली. बघितलं तर चंद्राबाई! खुर्ची गेली म्हनून रडत हुती का राजा गेला म्हनून, ते तिला बी सांगता यायचं न्हाई.

शेवटचा अंक तर काय सांगू. मोकळ्या दरबारात त्यो सिंहासनावरनं खाली उतरतो, पयल्या अंकात जितं उभा ऱ्हायचा तितं जाऊन उभा ऱ्हातो, आन रिकाम्या खुर्चीला मुजरा करतो. त्या साली त्येचा हात जमिनीपास्नं कपाळापातूर जातोय, जातोय, पोचंचना! म्या मेल्याला मानूस, पडद्याआड चहा पीत हुतो. कप तसाच हातात ऱ्हायला. मास्तरनं तोंडातली सुई काढली आन म्हनला, "आता ह्येला चेअरमन कोन करनार?"

कोन करनार? देवळात बैठक बसली. आबा म्हनलं, "तर जोतीरामाचं नाव..." बाप्ये खाली बघून तंबाखू मळाय लागलं. मग पायरीवरनं अंबूबाई म्हनली, "त्येला? त्या खुर्चीवरनं हात फिरीवताना त्येचं डोळं बघितलं न्हाई व्हय तुमी?" आबा म्हनलं, "आगं म्हातारे, त्ये नाटक हुतं." "नाटक हुतं तर माजं अंग का शहारलं मग?" आता ह्येला काय उत्तर हाय? सांगा तुमी! तुमच्याकडं असंल तर सांगा! आबा म्हनलं, "मग करायचा कुनाला?" म्हातारीनं बोट केलं माज्याकडं. "ह्यो गुंडा. गरीब बिचारा. दरसाल मरतोय, कवा कुनाला बोल लावलाय?" "व्हय, व्हय, बिचारा!" समद्या बाया वरडल्या. "आवं पर मला त्यातलं काय कळत न्हाई!" म्या सांगतोय, हात जोडतोय... मेलेल्या मानसाचं कोन ऐकतंय? गुलाल माज्या डोस्क्यावर, नाकात, कानात!

आन जोतीराम? दुसरा असता तर तोंड बघितलं नसतं माजं. ह्यो आला, देवळात सगळ्यांदेखत मला मुजरा केला, आन म्हनला, "महाराज, भ्याव नगा. म्या पयल्या अंकातला सरनोबत हाय."

माज्या डोळ्यांत पानी आलं. गुलालानं न्हवं.

आन सालभर तसाच वागला गडी! सांगलीला म्या पुढं, त्यो माज्या मागं. सायेब इचारनार, "आपण कोण?" म्या म्हननार चेअरमन. आत गेलं की बोलायचं त्येनं आन मान हलवायची म्या. हापिसात म्या खुर्चीत, त्यो उभा. म्हनलं बस की, तर म्हनायचा, "नगं गुंडा. मला ठावं हाय ती खुर्ची कशी असती." खऱ्या खुर्चीला त्येनं सालभरात एकदा बी हात लावला न्हाई. कागद हलला, पानी मंजूर व्हायच्या बेताला आलं, तवर यात्रा आली.

आता यात्रंची कमिटी म्हनली, चालू चेअरमननं यात्रंत मरायचं म्हंजी अपशकून. राजा जोतीराम करंल, सरनोबत गुंडा! म्या म्हनलं आवं मला मरायचंच येतं! पर ऐकतंय कोन! लावली मला मिशी. दुसरा अंक आला, जोतीराम खुर्चीत येऊन निजायच्या आधीच म्या घाईनं आत गेलो. खुर्चीच्या हाताला नुसता हात लावायचा. पर सालभर तीच खुर्ची बुडाखाली! हातानं जुन्या वळखीनं ती मागं वढली, म्या फतकल मारून बसलो, आन तोंडातनं गेलं, "चहा सांगा रं!" लोकं हसून हसून लोळाय लागली. मास्तरनं कपाळ बडवलं. पडदा पाडला, परत वर घेतला, जोतीरामाला खुर्चीत निजीवला, आन म्या कट्यार घेऊन आत गेलो.

आन मग बघा काय झालं. नाटकात राजा जागा व्हतो आन "दगाऽऽ" म्हनून वरडतो. म्या दरसाल वरडायचो, घसा फुटंपातूर. जोतीराम जागा झाला. माज्या हातातली कट्यार बघितली. माजं तोंड बघितलं. वरडला न्हाई. नुसता हसला... आन खुर्चीत जरा बाजूला सरकला. मला बसायला जागा केली!

आवं, काय सांगू! हसनारी तोंडं उघडीच्या उघडी ऱ्हायली. मला कट्यार मारवंना, म्या हुंदके देऊन रडाय लागलो. सरनोबतानं रडायचं न्हाई, नाटकात न्हाई तसं! शेवटी त्येनंच माजा हात धरला, कट्यार छातीला लावून घेतली आन मेला. असा मेला, असा मेला... म्या इतकी वरसं मेलो, पर ह्याला मरनं म्हनत्यात ते मला त्या दिशी कळलं. आन तेवढ्यात आलं पायतान! ह्या साली अंबूबाईचा नेम चुकला न्हाई. मिशी गेली, टेंगूळ आलं, पर मनात म्हनलं, जोतीराम, तुज्यासाठी कबूल हाय रं बाबा.

देवळात आबांनी तोंड उघडायच्या आत म्हातारी म्हनली, "जोतीराम! मारनाऱ्याला बसाया जागा दिली त्येनं! आन ह्यो गुंडा? खुर्चीत बसून चहा मागतोय मेला!" गुलाल! जोतीराम झाला चेअरमन, चंद्राबाई झाली चेअरमनीन. आवंदा माळावर पाट फुटनार बघा. मला लय आनंद झाला. खरंच झाला. म्या मास्तरला म्हनलं, सुटलो बाबा, आता मला कायमचा मोकळा कर.

मास्तर सुईत दोरा घालत म्हनला, "मोकळा कसा करू? जोतीराम चेअरमन झाला. चेअरमनला यात्रंत मरता येत न्हाई. म्हंजी त्यो परत सरनोबत. म्हंजी राजा तू."

आलं का ध्यानात? फुडल्या साली म्या मरनार, अंबूबाईचं पायतान परत खानार, बाया परत "बिचारा, बिचारा" म्हननार, आन गुलाल कुनाच्या डोस्क्यावर? एक साल मरायचं, एक साल चेअरमन व्हायाचं, असं माजं आता जलमभर चालनार! आबास्नी सांगितलं, मास्तरच्या पाया पडलो, अंबूबाईला बी भेटून आलो, म्हनलं मावशे, एवढ्या येळी तरी बैठकीत माजं नाव घेऊ नगंस. म्हातारीनं माज्या तोंडावरनं हात फिरीवला, कडाकडा बोटं मोडली आन म्हनली, "गरीब गं माजा राजा!"

...मेलेल्या मानसाचं कोन ऐकतंय!