अंबाबाईंच्या ताटातला विद्यार्थी

...आन् नाव कुठं घातलेलं, तर बरोब्बर मधोमध! कडेला घातलं असतं तर काय बिघडलं असतं का, राव? पण न्हाई! तुमाला सांगतो, तीन वर्सं मी कॉलेजच्या होस्टेलात जेवलो, आन् आमटी संपली रे संपली की ताटातनं वर कोण बघायचं? 'कै. अंबाबाई यांच्या स्मरणार्थ'! भाताचं शेवटचं शीत उचलायला जावं, तर ते नेमकं त्या 'स्मरणार्थ'च्या टिंबांत अडकलेलं!

आता ही अंबाबाई कोण? माझी कुणी न्हाई! आळे गावच्या गेणभाऊंची आई. मी डोंगरातला, तळेघरचा. आमी एकमेकांचं तोंडबी कधी पायलं न्हाई. झालं काय, चौऱ्याण्णव साल. कॉलेजानं आमच्यासारख्या डोंगरातल्या पोरांसाठी होस्टेल काढलं. खोल्या झाल्या, पण पोरांनी खायचं काय? मग प्राचार्यांनी बागायतदार मंडळी बोलावली, फेटे बांधले, नारळ दिले आन् म्हणाले, "मंडळी, देणगी कोणत्याही स्वरूपात चालेल." चालेल म्हणल्यावर काय! कुणी पंखा दिला, कुणी पुस्तकांचं कपाट, कुणी पोरांची परीक्षेची फी भरली, एकानं तर बाजरीची पोतीच आणून टाकली... आन् गेणभाऊ उठले. आईच्या वर्षश्राद्धाला भावकीत भांडी वाटायची, तो सगळा खर्च त्यांनी हिकडं वळवला (भावकी लई दिवस बोलत नव्हती!) आन् म्हणाले, "एका पोराचं तीन वर्सांचं जेवान माझ्याकडं. पण ताट माझ्या आईचं हाय!"

होस्टेलात जायच्या पयल्याच दिवशी आमची यष्टी पडली वाटेत डिंभ्याला बंद. मी चालत चालत पोचलो, तवर बाकीच्या पोरांनी बिननावाची ताटं धरलेली. उरलं ते माझं!

बरं, दिलं ना? मग इसरावं का न्हाई माणसानं? पंखा देणारा कधी पंख्याला इचारायला आला का, "बाबा, नीट फिरतोस का?" पण गेणभाऊ! दर बाजाराच्या दिवशी त्यांची एम-एटी फटफटी थेट मेसच्या दारात. आन् मी जेवायला बसलो की माझ्या मागं उभे.

"काय गोरखशेठ, अभ्यास कसाय?"

तोंडात भाकरी, बोलणार काय?

"गिळून बोला, गिळून बोला, घाई न्हाई. पण ध्यानात ठेवा, ताट माझ्या आईचं हाय!"

आन् हितंच घात झाला, राव. पयल्या वर्साला मी इंग्रजीत गचकलो! निकाल लागला, आन् मी हिशेब मांडला. जेवान बंद झालं तर होस्टेल बंद, होस्टेल बंद तर कॉलेज बंद, आन् मग चला परत डोंगरात नाचणी पेरायला. बाजाराचा दिवस आला. मी त्या ताटाला हातच लावला न्हाई, भगवंत नावाच्या दोस्ताच्या ताटात निम्मं निम्मं जेवायला बसलो. तर गेणभाऊ आले, फळीवरचं ताट काढलं, धोतराच्या सोग्यानं पुसलं... झालं! चाललं ताट आळ्याला! आन् त्यांनी ते ताट माझ्याम्होरं ठेवलं, राव.

"एका साली कांदा सडला म्हणून वावर पडीक टाकतो का आमी? जेवा!"

मी रडलो. खोटं कशाला बोलू, आमटीत टिपं पडली माझी.

पण थांबा, एवढ्यावर सुटतोय व्हय मी? पुढच्या आयतवारपासनं गेणभाऊंनी एक इंग्रजीचे मास्तर पकडले, एम-एटीच्या मागं बसवून होस्टेलात आणायचे, आन् सोता शेजारी मांडी घालून बसायचे! मास्तरांनी जरा जांभई दिली की लगेच, "मास्तर, ते 'टेन्स' का काय, ते झालं का आज? न्हाई, घाई न्हाई... पण ताट माझ्या आईचं हाय!" मास्तर मला शिकवायचे का त्यांना भ्यायचे, तेच कळंना!

पास झालो. पार काठावर, पण झालो! तर गेणभाऊंनी आळ्यात घरोघर पेढे वाटले. लोक इचारायचे, "काय झालं हो?" तर हे छाती फुगवून, "आमची आई इंग्रजीत पास झाली!"

असा माणूस. दोन हजार तीनला गेले. आता मागं उभं राहून दरडावणारं कुणी न्हाई. लई चुकल्यासारखं वाटतं, राव... शांतपणानं जेवतो, आन् जेवान गोड लागत न्हाई.

मी मास्तर झालोय. म्हणलं, आता आपली पाळी. गेलो कॉलेजात, म्हणलं, एका पोरीचं जेवान माझ्याकडं. तिथले साहेब लई सभ्य. "उत्तम! आता आमच्याकडे सगळी सोय आहे. ठेव ठेवा, शिष्यवृत्ती द्या, मेसचा खर्च उचला... फक्त विद्यार्थिनीचं नाव सांगता येणार नाही. मुलांना मिंधेपणा वाटतो." खरंय त्यांचं. मलाबी वाटायचा. मी मान हलवली, खर्च दिला, घरी आलो.

आन् तवापासनं माझी झोप गेली! कोण आसंल? तळेघरची का अजून वरली? इंग्रजीत कच्ची तर न्हाई? कुणाला इचारायचं? बायको, मोहिनी, म्हणती, "अहो, दिलंय ना? इसरा आता." इसरा! उद्या निकाल हाय, राव. कुठली पोरगी आपली, ते ठावं न्हाई. मग तुमीच सांगा, करणार काय? जेवान दिलं एकीला, आन् अख्ख्या होस्टेलातल्या पोरी पास व्हाव्यात म्हणून देव पाण्यात घालून बसलोय!