पंधरावी प्रवासी

"अहो गाइडबाई, माझ्या गुडघ्यांनी तिसऱ्या लेण्यातच राजीनामा दिलाय. बस सुटणार कधी?"

"माणसं पूर्ण झाली की, आजोबा. सकाळी पंधरा होती, आता चौदाच भरतायत."

"मग यादी वाचा ना!"

"यादी ड्रायव्हरच्या खिशात राहिली."

आणि ड्रायव्हर टॉर्च घेऊन शेवटच्या अंधाऱ्या लेण्यात दुसऱ्यांदा शोधायला गेला होता.

"तुम्ही स्वतःला धरलंत का?"

"मी कशाला धरू स्वतःला? थांबा... धरलं का मी?"

मागच्या सीटवर, सॅक मांडीवर घेऊन बसलेल्या नर्सबाईंनीही गपचूप मोजून पाहिलं. चौदाच. त्यांच्या पुढ्यात एक बहीण-भाऊ कुजबुजत होते. दोघांच्या मधली सीट रिकामी होती.

"सांग की रे आता."

"काय सांगू, ताई?"

"सकाळी हजेरीला वहिनीचं नाव आलं, तर 'आहे, येतेय मागून' का म्हणालास?"

"निघून गेलं तोंडातून. बारा वर्षं तेच म्हणतोय."

"आणि तो बिचारा तिकडे भुयारात तिला हाका मारतोय!"

"मारू दे. मी तर एकही मारली नाही."

"वेडा आहेस का तू?"

तेवढ्यात गाइडबाईंनी फोन काढला.

"मी आता पोलिसांनाच कळवते."

भाऊ घाईनं उठला, त्याचं डोकं वरच्या फळीवर आपटलं.

"नका कळवू, बाई. ड्रायव्हरला बोलवा. ती लेण्यात नाहीये. माझी बायको परवाच मला सोडून गेली."