ढालीवरचा सिंह

परदेशातल्या हॉर्नबी या उपनगरातून शहरात जाणाऱ्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर एक मराठी आजी-आजोबा बसले होते.

“आज परत त्या दगडी ढाली आणि सिंहच बघायचेत का?”

“अगं, कुलचिन्हं म्हणतात त्यांना. इंग्रजांनी दारादारावर कोरून ठेवलीत.”

“ठेवू देत. वर बघून बघून माझी मान धरलीय. पुलावरची ढाल तर तीनदा दाखवलीत.”

“दर वेळी उजेड वेगळा असतो.”

“सिंह तोच असतो ना, जीभ बाहेर काढून उभा. एवढे फोटो काढता, आपला प्रसन्न तरी बघतो का?”

“बघेल सवडीनं.”

“मग आज जेवायला घरी जाऊ. गरम वरणभात लावते, जरा पाठ टेकते.”

“पाचच्या आधी नको.”

“का पण?”

“सूनबाईंच्या मीटिंगा असतात घरून. काल तुझ्या कुकरची शिट्टी सगळ्यांना ऐकू गेली.”

“भाग्यश्री म्हणाली असं?”

“प्रसन्न म्हणाला.”

आजींनी दुखरी मान चोळली आणि पदर सारखा केला.

“अहो, त्या पुलाच्या पलीकडच्या अंगालाही आहे का एखादी ढाल?”