कचऱ्याचा डबा

ऋतुजा बसने नांदेडहून लोह्याला, माहेरी निघाली होती. आई जाऊन बारा दिवस झाले होते, आणि परवा फोन साफ करताना आईचा आवाज असलेली एकुलती एक फाईल तिच्या हातून पुसली गेली होती. पुढच्या बाकावर प्रशिक्षणाहून परतणारे दोन शिक्षक बोलत होते.

"व्यंकटी सर, सकाळी तुमचं तोंड बघवत नव्हतं."

"काय सांगू मॅडम! आठ दिवस खपून लेकरांच्या आवाजात पाढे भरले लॅपटॉपात, अन् दाखवायच्या ऐन वक्ताला मीच पुसून टाकले. साहेब म्हणले, कचऱ्याच्या डब्यात बघा."

"मंग?"

"मंग काय, उठून दाराजवळचा डबा बघून आलो. केळाची सालं होती."

"अगं बाई, सर!"

"सगळा हॉल हसून राहिला. मंग साहेबांनी पडद्यावरचा डबा दाखवला. पुसलेलं तिथंच पडून राहतं म्हणे. बोट दाबलं, अन् लेकरं बे एके बे म्हणाया लागली. लई हलकं वाटलं बघा."

"बरं झालं रिकामा न्हाई केला."

"वर्गातला तर मी रोज करतो!"

"फोनात बी असतो का हो डबा?"

"हाव, असतो की. फाईलीत जाऊन बघा, खाली असंल."

मॅडम पर्समध्ये फोन शोधत होत्या, तोच मागून आवाज आला, "ऋतू, बसमदी जागा भेटली का गं? पोचली की फोन कर."

व्यंकटी सर मागं वळले. "ताई, तुमचा फोन आलाय का?"

"हाव सर," ऋतुजा म्हणाली, "आईचा हाय."