वडप्याच्या गोडाऊनातला छोटा चौकोन

तुम्हाला आमच्या मॅनेजरचं सांगते. वडपे गावातल्या गोडाऊनात मी सगळं काम काळ्या स्क्रीनवर कमांड टाइप करून करते, ते त्यांना खुपतं. परवा मालाचं चलन वेबसाइटवर चढल्याशिवाय ट्रक सुटणार नव्हता, आणि तिथे फाइल माऊसने ओढूनच टाकावी लागते.

साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, “आता यातून काय ओढणार? उद्यापासून दुसरा कॉम्प्युटर घे, नाहीतर डिस्पॅच सोड.”

मी एक कमांड मारली. फाइलचं नाव लिहिलेला छोटा चौकोन उघडला. तो माऊसने ओढून साइटवर सोडला. चलन चढलं, ट्रक सुटला.

“हे काय होतं?” साहेब म्हणाले.

“फाइल ओढायचं एवढंसं सॉफ्टवेअर, साहेब. कॉम्प्युटर हाच राहील. डिस्पॅचही मीच बघणार.”