ऊन भिंतीला टेकलं की

चावी बनवणाऱ्याच्या दुकानात माझ्यापुढे पिकल्या केसांचे बहीण-भाऊ उभे होते.

"ताई, उद्या सकाळी घराच्या चाव्या नव्या मालकाला द्यायच्यात."

"दुपारी देऊ रे. भर हिवाळा आहे."

"त्याचा इथे काय संबंध?"

"विसरलास? स्वयंपाकघरातलं ऊन मागच्या भिंतीला टेकलं की आई म्हणायची, आज भर हिवाळा, अर्धी थंडी सरली."

"आणि अण्णांची खुर्ची तिथे सरकवायची. कुरकुरायचे, पण उन्हातून हलायचे नाहीत."

"वर्षातून तेवढे दोन-चार दिवसच ऊन तिथवर पोचतं."

"खुर्ची तर विकून टाकली आपण."

"जमिनीवर बसू."

"आणि ढग आले तर?"

"तर चाव्या परवा."